पहिले पिस्तूल घेताना : टेक्सासमधील मराठी नवख्यांसाठी

टेक्सासमध्ये बंदुकीचे दुकान शोधावे लागत नाही. डॅलसच्या उत्तरेला मी जेथे राहतो तेथून भारतीय किराणा आणायला निघाले की अशी दोन दुकाने वाटेतच लागतात. त्यामुळे येथे चार-सहा वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या मनात हा विचार कधी ना कधी डोकावतो, आणि डोकावतो तो बहुधा उलट्या टोकाने: कोणते पिस्तूल स्वस्त, कोणते लहान, सवलत कशावर चालू आहे. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा क्रमांक पाचवा-सहावा आहे. त्याआधी घरातल्या प्रत्येकाचे कागद काय आहेत, पिस्तूल ठेवणार कोठे, आणि ते चालवायला शिकणार कोणाकडून, याची उत्तरे हातात असावी लागतात. हा लेख वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या, आयुष्यात कधी पिस्तूल हातात न घेतलेल्या आणि कपड्यांखाली झाकून बाळगता येईल असे परवडणारे पिस्तूल कायदेशीर मार्गाने घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहे. उदाहरणे टेक्सासची आहेत. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम वेगळे तपासावेत, कारण ते खरोखरच फार वेगळे असतात.

आधी कागद, मग दुकान

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये पात्र व्यक्तीला राज्याच्या परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. या एका वाक्याने आपल्या लोकांचा जितका गैरसमज केला आहे तितका दुसऱ्या कशानेही केला नसेल. परवाना लागत नाही म्हणजे कोणालाही चालते असे नव्हे; ‘पात्र’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे आणि पात्रता ठरते ती मुख्यतः केंद्रीय कायद्याने.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसे विकत घेण्यास आणि जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आपल्या ओळखीचे बहुतेक व्हिसे, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ आणि भेटीला येणाऱ्या आईवडिलांचा बी-२, हे सगळे त्यात येतात. या मनाईला काही अपवाद आहेत. अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यांपैकी सर्वांत परिचित, आणि त्याच्या आधारावर खरेदी करणारे लोकही आहेत. तरी ज्याचे सारे भवितव्य व्हिसाच्या एका शिक्क्यावर लटकले आहे त्याने इमिग्रेशन वकिलाला पैसे मोजून विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्ड मिळालेल्या माणसाला पिस्तूल घेता येते. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे आणि हातात केवळ काम करण्याचे कार्ड आहे, त्यांनीही वकिलालाच विचारावे. दुकानातला विक्रेता कितीही जाणकार असला तरी हा त्याचा विषय नाही.

‘बाळगणे’ या शब्दाची व्याप्ती लोकांच्या लक्षात येत नाही. पावती कोणाच्या नावावर आहे, एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. तुम्ही नागरिक असाल, पण सहा महिन्यांसाठी आलेले बाबा बी-२ व्हिसावर असतील, तर पिस्तुलाच्या कपाटाच्या कुलपाचा आकडा त्यांना माहीत असता कामा नये. ‘येथवर आलेच आहेत तर दोन गोळ्या झाडू देत, फोटो काढू’ म्हणून त्यांना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नेऊन हातात पिस्तूल देणे हे तर सरळच अंगाशी येऊ शकते. पती किंवा पत्नीपैकी एकाचेच कागद पुरे झाले असतील तेव्हाही हेच लागू होते. पिस्तूल ज्याचे, किल्लीही त्याचीच आणि आकडाही त्याच्याच डोक्यात.

याखेरीज एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ वर्गातील गुन्ह्यातही दोषी ठरलेली व्यक्ती, आणि जोडीदाराच्या संरक्षणासाठी न्यायालयाने काढलेले विशिष्ट प्रकारचे आदेश ज्याच्याविरुद्ध लागू आहेत अशी व्यक्ती, या सर्वांना दार बंद आहे. गांजाबद्दल अर्जावर इशाराच छापलेला असतो: राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या दृष्टीने तो बेकायदाच आहे. ग्रीन कार्डधारकांनी आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशातून काढून टाकण्याचे कारण होऊ शकते. नागरिकाला जेथे दंडावर सुटता येईल तेथे ग्रीन कार्डधारकाचा इथला संसारच पणाला लागू शकतो.

विकत घेण्याआधी भाड्याने

कागदांची खात्री झाली की दुकानात न जाता बंदिस्त रेंजवर जावे आणि नवशिक्यांच्या वर्गात नाव घालावे. बहुतेक मोठ्या रेंजवर वीस-तीस प्रकारची पिस्तुले भाड्याने मिळतात, आणि तासाभराचे शुल्क व दोन डबे काडतुसे एवढ्या खर्चात तीन-चार पिस्तुले वापरून पाहता येतात. कानांना संरक्षण, डोळ्यांना चश्मा, पायात बंद बूट आणि गळाबंद सदरा असावा. शेवटची सूचना गंमतीची वाटेल, पण पिस्तुलातून उडालेले गरम टरफल एकदा कॉलरमधून आत गेले की माणूस हातातल्या पिस्तुलाचे भान विसरून नाचू लागतो, आणि धोका तेथे आहे.

शिक्षक पहिल्या दहा मिनिटांत जे नियम सांगतो ते जगभर जवळपास सारखे आहेत: प्रत्येक पिस्तूल भरलेलेच समजावे, जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नये, नेम धरून झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्याच्या आसपास व पलीकडे काय आहे ते ओळखून असावे. नवख्याची सर्वांत मोठी चूक मात्र याहून साधी असते. तो मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, काढतो आणि पिस्तूल रिकामे झाले असे समजतो. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीच्या मागच्या कोठीत बसलेले असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून ते काडतूस बाहेर पाडावे, स्लाइड उघडी अडकवावी, आणि कोठी डोळ्यांनी पाहून वर करंगळीने चाचपावी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर स्लाइड पुढे जाताना नवे काडतूस कोठीत भरते आणि माणसाला वाटते की आपण पिस्तूल रिकामे केले.

हातात बसणारे पिस्तूल

माझ्या पहिल्या खरेदीत मी जी चूक केली ती बहुतेक नवखे करतात. झाकून बाळगायचे तर जितके लहान तितके बरे, असा साधा हिशेब मांडून मी शर्टाच्या खिशात मावेल एवढे .३८० चे, म्हणजे त्या नावाच्या लहान काडतुसाचे, पिस्तूल घेतले. वजनाला हलके, किमतीला त्याहून हलके. रेंजवर पहिला डबा संपेपर्यंत अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल झाली होती, आणि सात यार्डांवरच्या कागदावर माझी छिद्रे चाळणीसारखी सगळीकडे पसरली होती. दोष पिस्तुलाचा नव्हता. धक्का शोषून घ्यायला धातूचे वजन लागते; ते नसले की सगळा हिसका मनगटात येतो, मूठ आखूड असल्याने करंगळीला आणि कधीकधी अनामिकेलाही धरायला जागा उरत नाही, आणि पुढच्या-मागच्या माश्यांमधले, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधले, अंतर कमी असल्याने नेमातली बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी होते. अतिलहान पिस्तूल हे अनुभवी माणसाचे हत्यार आहे आणि विकले मात्र नवख्यांना जाते. वर्षभर ते कपाटात पडून राहिले, आणि शेवटी मी ते घाट्यात विकले.

काडतुसाबद्दल फार खल करण्याची गरज नाही: पहिले पिस्तूल ९ मिमीचे घ्यावे. १९०२ च्या सुमारास जर्मनीत गेऑर्ग लुगर याने सिद्ध केलेले हे काडतूस आज इतक्या प्रमाणावर तयार होते की सरावाची काडतुसे त्यात स्वस्त पडतात. .३८० चे काडतूस आकाराने लहान आणि ताकदीने कमी असूनही प्रत्येक डब्यामागे महाग पडते, त्यामुळे पिस्तुलावर वाचवलेले पन्नास डॉलर दोन-तीन महिन्यांच्या सरावात निघून जातात. ज्यांच्या हातात संधिवातामुळे किंवा वयामुळे जोर नाही त्यांच्यासाठी .३८० ची सोपी स्लाइड असलेली पिस्तुले आहेत, आणि तो अपवाद अगदी योग्य आहे. पाच गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हरही पुष्कळ लोक सुचवतात, कारण त्यात अडकण्यासारखे फारसे काही नसते. परंतु त्याचा चाप लांब आणि जड असतो, हलक्या वजनामुळे धक्का चांगलाच बसतो, आणि नेम साधायला पिस्तुलाहून अधिक सराव लागतो. ‘बाईमाणसासाठी रिव्हॉल्व्हर बरे’ असे एखादा विक्रेता सांगू लागला तर त्याचे नम्रपणे आभार मानून दुसऱ्या काउंटरवर जावे.

आता नावे. या वर्गात अलीकडचा मोठा बदल २०१८ साली झाला. त्या वर्षी सिग सॉअरने पी३६५ आणले आणि जेमतेम एक इंच जाडीच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसू शकतात हे दाखवून दिले. तोवर एवढ्या आकारात सहा-सात हीच मजल होती. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचे हेलकॅट आले, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनचे शील्ड प्लस आणि रुगरचे मॅक्स-९ आले, आणि या चढाओढीचा फायदा आपल्यासारख्या ग्राहकाला झाला. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, पण ढोबळ चित्र असे आहे: टॉरसचे जी३सी साधारण २५० ते ३०० डॉलरांत मिळते आणि त्यात बारा काडतुसांचे मॅगझिन येते, शील्ड प्लस ४०० ते ५०० च्या दरम्यान, ग्लॉक ४३एक्स त्याच्याच वरच्या टोकाला, आणि पी३६५ बहुधा ५०० च्या पुढे. स्वस्त आणि महाग यांतला फरक मुख्यतः चापाची ओढ, माशी, पृष्ठभागाचा लेप आणि जोडसामान मिळण्याची सोय यांत दिसतो. ज्याचे बजेट खरोखरच आवळलेले आहे त्याने जी३सी घेऊन उरलेले पैसे शिक्षणावर घालावेत. ग्लॉक घेऊन वर्षात एकदाच रेंजवर जाण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

एक पायरी वरच्या आकाराचाही विचार अवश्य करावा. ग्लॉक १९ ची नळी चार इंचांची, मॅगझिन पंधराचे आणि वजन रिकाम्या मॅगझिनसह पाऊण किलोच्या आत. लपवायला ते जरा कठीण, परंतु शिकायला फार सोपे. आणि पोलीस खात्यांनी बदलून टाकलेली वापरलेली ग्लॉक पिस्तुले दुकानांत बऱ्यापैकी कमी भावात येतात. त्यांच्या स्लाइडवर होल्स्टरने (पिस्तूल खोचायच्या म्यानाने) घासून पडलेले पांढुरके ओरखडे असतात आणि आतला भाग पुष्कळदा नव्यासारखा असतो, कारण पोलिसाचे पिस्तूल कमरेला फार फिरते आणि झाडले कमी जाते.

काउंटरवर पिस्तूल पाहायला मागितले की विक्रेता मॅगझिन काढतो, स्लाइड उघडून कोठी तपासतो आणि उघड्या स्थितीतच ते तुमच्या हाती देतो. तुम्हीही तीच तपासणी त्याच्यासमोर पुन्हा करावी; यात अविश्वास नाही, ही तिथली रीत आहे. नळी कोणा माणसाकडे न वळता खाली किंवा त्याने दाखवलेल्या दिशेला राहील हे पाहावे, आणि रिकामा चाप ओढून पाहण्याआधी विचारावे. मग चार गोष्टी निरखाव्यात. मूठ मनगटाच्या सरळ रेषेत धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का. करंगळीला आधार मिळतो का. पकड न बदलता मॅगझिन सोडण्याचे बटण दाबता येते का. आणि स्लाइड मागे ओढता येते का. लहान पिस्तुलांची स्प्रिंग ताठ असते, आणि माझी पत्नी पहिल्यांदा दुकानात स्लाइड ओढू लागली तेव्हा ती दोन बोटांच्या चिमटीत, बेचकीसारखी धरून खेचत होती आणि ती हलेना. शिक्षिकेने तिला स्लाइड वरून अख्ख्या तळहाताने पकडायला लावली, पिस्तूल छातीजवळ आणून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायला सांगितली, आणि तीच स्लाइड मुकाट्याने मागे आली. तेव्हा ‘मला जमत नाही’ म्हणून एखादे मॉडेल बाद करण्याआधी पद्धत बदलून पाहावी.

सुरक्षा कळ, म्हणजे चाप अडवून ठेवणारा खटका, असलेले पिस्तूल घ्यावे की नसलेले, यावर वाद घालणारे लोक थकत नाहीत. मी कळ नसलेले वापरतो, पण नवख्याला कळेमुळे होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवताना धीर येत असेल तर ती जरूर घ्यावी. मात्र पिस्तूल काढताना कळ खाली दाबण्याचा सराव दर वेळी करावा लागेल. निवड झाली की त्या मॉडेलवर कंपनीने परत बोलावण्याची सूचना काढली आहे का ते अनुक्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. नामवंत कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत: रुगरने एलसीपी २००८ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनने शील्ड ईझेड ९ २०२० मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. जुने पिस्तूल घेताना ही तपासणी तर चुकवूच नये.

अर्ज भरताना

परवानाधारक विक्रेत्याकडे एटीएफचा, म्हणजे बंदुकांचा व्यवहार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचा, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. सोबत सध्याच्या पत्त्याचे सरकारी छायाचित्र ओळखपत्र लागते. घर बदलले असून ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर गाडीच्या नोंदणीसारखा नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद न्यावा. ग्रीन कार्डधारकाने कार्डही न्यावे, कारण त्यावरचा क्रमांक अर्जात भरायचा असतो.

आपल्याकडची खरी अडचण नावाची. मधले नाव अर्जात पूर्ण मागितले जाते, आणि आपल्याकडे ते कधी वडिलांचे असते, कधी नवऱ्याचे, पासपोर्टवर ते पहिल्या नावालाच चिकटलेले असते आणि लायसन्सवर त्याचे नुसते आद्याक्षर उरलेले असते. ओळखपत्रांवर जसे आहे त्याच्याशी जुळवून नाव लिहावे, आणि शक्य असेल तर खरेदीच्या आधीच सगळ्या कागदांवर ते एकसारखे करून घ्यावे. विक्रेता ही माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला कळवतो. ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. उत्तर तीन प्रकारचे येते: पुढे जा, थांबा किंवा नकार. पुष्कळदा पाच-दहा मिनिटांत काम होते. ‘थांबा’ आले म्हणून कानकोंडे होऊ नये. सारख्या नावाचा दुसरा कोणी नोंदीत असला तरी तसे होते. तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय आला नाही तर केंद्रीय कायद्याप्रमाणे विक्रेता पिस्तूल देऊ शकतो, मात्र तसे देण्याचे बंधन त्याच्यावर नाही, आणि काही दुकाने देतही नाहीत. दर खरेदीला हेच घडत असेल तर एफबीआयकडे आपली माहिती स्वेच्छेने नोंदवून एक कायमचा क्रमांक घेता येतो, जो पुढच्या अर्जांत लिहायचा असतो.

अर्जातला पहिलाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो, खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. मित्राचे कागद पुरे नाहीत म्हणून त्याच्या पैशाने आपल्या नावावर पिस्तूल घेऊन देणे हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि २०२२ च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘घेऊन दे ना, पैसे पाठवतो’ ही आपल्याकडची नेहमीची भाषा आहे. फोन घ्यावा, मिठाई घ्यावी, पिस्तूल घेऊ नये. स्वतःच्या पैशाने पात्र व्यक्तीला खरोखरची भेट देणे मात्र कायद्याला मान्य आहे.

ऑनलाइन मागवलेले पिस्तूल घरी येत नाही. ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येते, तेथे हाच अर्ज आणि हीच तपासणी होते, आणि दुकान त्याचे वेगळे शुल्क घेते. ते शुल्क आणि पाठवण्याचा खर्च धरला तर ऑनलाइन सवलत बहुधा विरघळते. टेक्सासमध्ये एका रहिवाशाने दुसऱ्या रहिवाशाला वापरलेले पिस्तूल खासगीत विकणे बेकायदा नाही, पण नवख्याने तो व्यवहारही दुकानामार्फतच करावा. पिस्तूल चोरीचे निघाले तर कागद हाच तुमचा साक्षीदार.

खरा हिशेब

तीनशे डॉलरांचे पिस्तूल तीनशे डॉलरांत पडत नाही. विक्रीकर शहरागणिक सव्वाआठ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे पंचवीसेक डॉलर तेथेच गेले. चाप पूर्ण झाकणारा, त्याच मॉडेलसाठी घडवलेला कडक होल्स्टर पन्नास-साठ, ताठ पट्टा चाळीस-पन्नास, झटकन उघडणारी लहान तिजोरी शंभराच्या आसपास, सरावाची पाचशे काडतुसे दीडशेच्या घरात, स्वसंरक्षणाची पोकळ टोकाची पन्नास काडतुसे पन्नास, आणि वर्गाचे शंभर. बेरीज सव्वाआठशेच्या आसपास येते. हातात सहाशेच असतील तर पिस्तूल पुढच्या वर्षी घ्यावे, पण होल्स्टर आणि तिजोरी यांत काटकसर करू नये. जत्रेतल्या पिशवीसारखे मऊ, कोणत्याही पिस्तुलाला बसणारे पंधरा डॉलरांचे होल्स्टर तर मुळीच घेऊ नये: त्याचा काठ आत दुमडतो, पिस्तूल परत खोचताना तो चापात अडकतो, आणि गोळी स्वतःच्या मांडीत जाते.

नव्या पिस्तुलातून सरावाची निदान दोनशे आणि जी प्रत्यक्ष बाळगायची त्यातली पन्नासेक काडतुसे न अडखळता गेल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. रेंजवरून आल्यावर हात आणि चेहरा थंड पाण्याने व साबणाने धुवावेत, आणि त्याआधी काही खाऊ नये. धुरात शिसे असते, आणि घरी लहान मूल धावत येऊन बिलगते तेव्हा ते कपड्यांवरही असते.

अंगावर बाळगताना

पट्ट्याच्या आत, उजव्या कमरेच्या हाडामागे किंवा पोटाच्या पुढे, या दोन जागा सर्वाधिक वापरल्या जातात. आरशासमोर उभे राहून सगळे काही झाकलेलेच दिसते. परीक्षा होते ती आपल्या रोजच्या हालचालींत. एखाद्या आजोबांना वाकून नमस्कार केला की मागच्या बाजूचा सदरा वर चढतो आणि मूठ उघडी पडते. पूजेला मांडी घालून बसले की पुढचे पिस्तूल पोटात रुतते आणि माणूस सारखा हात तेथे नेतो, जे लपवण्याच्या नेमके उलट आहे. गळामिठी मारणारा मित्र कमरेवर थाप मारतो. म्हणून पहिले दोन आठवडे रिकामे पिस्तूल घरातच अंगावर घालून वावरावे, वाकावे, बसावे, गाडीचा पट्टा लावून पाहावा. सलवार-कमीज घालणाऱ्या स्त्रियांना नाडीवर होल्स्टर टिकत नाही. त्यांच्यासाठी पोटाला बांधायच्या रुंद पट्ट्याला जोडलेले कडक कवचाचे होल्स्टर मिळते. पर्समध्ये ठेवण्याला माझा विरोध आहे, कारण पर्स आपण हॉटेलात खुर्चीला अडकवतो आणि समारंभात दुसऱ्याच्या हाती देतो.

परवाना लागत नसला तरी टेक्सासचा एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगण्याचा, परवाना काढावा, असाच माझा सल्ला राहील. शुल्क ४० डॉलर आहे, चार ते सहा तासांचा वर्ग असतो, आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्यांची परीक्षा असते. परवानाधारकाला पुढच्या खरेदीच्या वेळी एफबीआयची फोनवरची तपासणी लागत नाही, शाळांच्या भोवतीच्या हजार फुटांच्या केंद्रीय नियमातून राज्याच्या परवान्यामुळे सूट मिळते, आणि अनेक राज्ये तो मानतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय मात्र मानत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे गाडीने जाणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण तेथे दहापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनला बंदी आहे आणि पोकळ टोकाच्या काडतुसांवरही निर्बंध आहेत. अशा प्रवासात पिस्तूल घरीच ठेवावे.

टेक्सासमध्येही शाळा, न्यायालये, मतदान केंद्रे, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्या वर्ज्य आहेत. लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेला फलक म्हणजे त्या जागेचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तेथे बसून पिण्याच्या दारूचे आहे; तेथे पिस्तूल नेता येत नाही. खासगी जागांच्या दारावर ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांचे इंग्रजी व स्पॅनिश फलक असतात: पहिला परवाना नसलेल्यांसाठी, दुसरा झाकून बाळगणाऱ्या परवानाधारकांसाठी, तिसरा उघड बाळगणाऱ्या परवानाधारकांसाठी. देवळात जाताना दार नीट वाचावे. कंपनीच्या इमारतीत कंपनीचे धोरण चालते आणि त्यात नोकरी जाऊ शकते. दोन पेग घेतल्यावर पिस्तूल अंगावर नको. पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवावेत, ओळखपत्र मागितल्यावर परवाना सोबत द्यावा, पिस्तूल कोठे आहे ते शांतपणे सांगावे, आणि ते दाखवायला हात नेऊ नये.

घरात

१७ वर्षांखालील मुलाच्या हाती झाडण्यास तयार बंदूक लागेल अशी निष्काळजी ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. ‘आमचा मुलगा शहाणा आहे’ हे खरे असेलही, पण गणपतीला घरी येणाऱ्या वीस मुलांबद्दल तसे सांगता येत नाही. अंगावर नसलेले पिस्तूल तिजोरीतच असावे, आणि ती तिजोरी भिंतीला किंवा जड पलंगाला स्क्रूने अडकवलेली असावी. नाहीतर चोराला ती पिस्तुलासकट उचलून नेता येते. अनुक्रमांकाचा फोटो आणि पावती वेगळीकडे ठेवावी. विमानाने देशांतर्गत न्यायचेच झाले तर रिकामे पिस्तूल कुलूपबंद कडक पेटीत घालून, काउंटरवर जाहीर करून, चेक-इन सामानातच द्यावे लागते.

रेंजवर न्यायची पिशवी वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नये. भारतात उतरताना किंवा तेथून निघताना सामानात एक जिवंत काडतूस सापडले तरी शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणे गाठावे लागते, आणि ‘चुकून राहिले’ हे सांगण्यात सुट्टीचे कितीतरी दिवस जातात. नऊ मिलिमीटरचे काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढे असते आणि पाठपिशवीच्या अस्तराला भोक असले की त्यातून खाली उतरून बसते. मी मुंबईला निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पिशवी उलटी करून झटकतो, आणि मग तळाची शिवण बोटांनी चाचपत जातो.